धूळ मालकाची, दोष कामगाराचा

फुप्फुसाच्या कर्करोगाचा विषय निघाला की या देशातील राज्यकर्त्यांना एकच वस्तू आठवते, ती म्हणजे सिगारेट. २०१६ पासून सिगारेटच्या पाकिटाच्या ८५ टक्के भागावर रोगाचे भीषण चित्र छापणे सक्तीचे झाले. चित्रपटगृहात खेळ सुरू होण्यापूर्वी प्रेक्षकांना इशारा ऐकविला जातो. आणि एवढे केले की सरकारची सदसद्विवेकबुद्धी शांत होते. तंबाखू हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यातून हळूच काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाबद्दल. रोग हे रोग्याच्या व्यसनाचे फळ. सबब त्याची जबाबदारी रोग्याची, त्याचा खर्च रोग्याचा आणि त्याची लाजही रोग्याचीच, असा हा निष्कर्ष आहे. राज्यसंस्थेला तो फार सोयीचा पडतो. ज्या रोगाला रोगीच जबाबदार, त्या रोगाबाबत धोरण आखण्याचे कारणच उरत नाही.

आकडे काय सांगतात? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे ८१ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७५ हजार माणसे या रोगाने दगावली. नव्या रुग्णांचा आकडा आणि मृतांचा आकडा असे एकमेकांना खेटून उभे असतात, तेव्हा त्याचा अर्थ एकच असतो : या रोगाचा माणूस डॉक्टरपुढे येतो तेव्हा बहुधा वेळ टळून गेलेली असते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ४८९ रुग्णांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण धूम्रपान न करणारे होते. महाराष्ट्रात तर धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत अवघे ३.८ टक्के आढळले होते. मग ज्यांनी आयुष्यात कधी विडी ओढली नाही, त्यांच्या फुप्फुसात काय गेले? कोणी घातले? हा प्रश्न पाकिटावरच्या चित्राने सुटत नाही. म्हणूनच तो विचारला जात नाही.

उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. मुंबईच्या पूर्व उपनगरांतून जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग हा एके काळी कारखान्यांचा रस्ता होता. घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडोचा कारखाना होता. तेथे मोटारींच्या ब्रेकची अस्तरे बनत आणि त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. मुलुंडला सिमेंटचे पत्रे बनविणारा, पुढे एव्हरेस्ट या नावाने ओळखला गेलेला कारखाना होता. त्या पत्र्यांतही अ‍ॅस्बेस्टॉसच. या दोन्ही उद्योगांत इंग्लंडमधील टर्नर अँड न्यूवॉल या कंपनीचा दीर्घकाळ मोठा हिस्सा होता. कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून आलेल्या माणसांनी या धुळीत आयुष्ये काढली. पोती फोडली, धागा पिंजला, पत्रे कापले, आणि संध्याकाळी तेच पांढरे कपडे अंगावर घेऊन चाळीत परतले.

या धुळीने माणूस मरतो, हे मालकांना ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते, आणि फार आधीपासून ठाऊक होते. टर्नर कंपनीच्या इंग्लंडमधील रॉचडेल येथील कारखान्यात काम केलेली नेली केरशॉ ही स्त्री १९२४ साली वयाच्या ३३ व्या वर्षी वारली. तिच्या फुप्फुसात अ‍ॅस्बेस्टॉसचे कण सापडल्याचे वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. कंपनीने नुकसानभरपाई नाकारली. १९३० साली ब्रिटिश सरकारच्या कारखाना निरीक्षकांनीच या धुळीचा अहवाल दिला आणि १९३१ साली तेथे नियम झाले. १९५५ साली रिचर्ड डॉल यांनी त्याच रॉचडेलच्या कामगारांचा अभ्यास करून अ‍ॅस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे सिद्ध केले. हा अभ्यास छापला जाऊ नये म्हणून कंपनीने खटपट केली, हे पुढे तिच्याच कागदपत्रांतून उघडकीस आले. १९६५ साली लंडनमधील अभ्यासाने दाखविले की कामगाराचे कपडे धुणारी त्याच्या घरची स्त्री आणि कारखान्याच्या आसपास राहणारे लोकही या धुळीचे बळी ठरतात. ज्ञान तेथे होते आणि धूळ येथे होती; दोहोंच्या मध्ये जो समुद्र होता, तो पाण्याचा नव्हता, नफ्याचा होता.

इंग्लंडने १९९९ साली अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. टर्नर अँड न्यूवॉल २००१ साली तेथील कामगारांच्या दाव्यांखाली कोसळली आणि पीडितांच्या भरपाईसाठी न्यास स्थापन करणे भाग पडले. मुलुंडच्या काही माजी कामगारांचे दावेही पुढे त्या न्यासापुढे नेण्यात आले. म्हणजे मुंबईच्या उपनगरातील कामगाराला आपल्या फुप्फुसाचा न्याय मागण्यासाठी इंग्लंडच्या दारात जावे लागले! स्वातंत्र्यानंतर इतक्या वर्षांनी यापेक्षा अधिक लाजिरवाणी गोष्ट स्वदेशी राज्यकर्त्यांच्या बाबतीत दुसरी कोणती असू शकेल?

येथील यंत्रणेने काय केले, तेही पाहिले पाहिजे. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी १९८८ मध्ये सुरू झालेल्या व्यावसायिक आरोग्य व सुरक्षा केंद्राच्या वतीने मुंबईतील एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्याच्या १८१ कामगारांची तपासणी केली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे २२ टक्के कामगारांना अ‍ॅस्बेस्टॉसिस झाल्याचे दिसून आले. अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हणजे धुळीने फुप्फुस ताठर होणे. आणि ज्याचे फुप्फुस असे झाले, त्याला कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी अधिक. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की हे कामगार सेवेत होते, कायद्याने त्यांची वेळोवेळी वैद्यकीय तपासणी व्हावयास हवी होती, अ‍ॅस्बेस्टॉसिस हा कारखाना निरीक्षकाला कळविणे बंधनकारक असलेला रोग होता. तरीही तो सरकारला आढळला नाही. दोघा-चौघा ध्येयवादी माणसांना आढळला. जी गोष्ट मूठभर माणसांना साध्या तपासणीने दिसते, ती सर्व साधने हाताशी असलेल्या खात्याला दिसत नाही, तेव्हा तो दृष्टिदोष नसतो; तो निर्णय असतो.

कायद्याची उणीव होती, असेही म्हणता येत नाही. अहमदाबादच्या कन्झ्यूमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेला निकाल हा भारतीय कामगारांच्या इतिहासातील एक मोठा निकाल आहे. कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमाखालील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. प्रत्येक अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे, किंवा नोकरी सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत ठेवावी, त्याचा विमा उतरवावा आणि रोग प्रमाणित झालेल्या कामगाराला एक लाख रुपये भरपाई द्यावी, असे आदेश दिले. आता साधा हिशेब करावा. १९९० साली भरती झालेल्या कामगाराची नोंद या आदेशानुसार २०३० सालापर्यंत जिवंत असली पाहिजे. त्या नोंदी कोठे आहेत? कोणत्या कचेरीच्या कोणत्या कपाटात आहेत? कारखान्याची जागा विकली गेली तेव्हा जमिनीचा प्रत्येक चौरस फूट मोजला गेला; कामगारांच्या क्ष-किरण चित्रांचे गठ्ठे कोणी मोजून ताब्यात घेतले काय? लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दुतर्फा आज मॉल आणि निवासी मनोरे उभे आहेत. जमिनीला भाव आला. त्या जमिनीवर खोकलेल्या माणसांची किंमत मात्र शून्य राहिली.

या रोगात काळ हा मालकाचा साथीदार असतो, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. यंत्रात हात सापडला तर रक्त त्याच क्षणी दिसते, साक्षीदार असतात, पंचनामा होतो. धुळीचा अपघात वीस, तीस, चाळीस वर्षे चालतो. कर्करोग प्रकट होतो तेव्हा कारखाना बंद झालेला असतो, कंपनीचे नाव बदललेले असते, युनियनचे कार्यालय उठलेले असते आणि कामगार विम्याचे कार्ड ट्रंकेच्या तळाशी गेलेले असते. विमा योजनेत पाच वर्षे काढून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. पण ही सवलत ज्याच्या नोकरीची कागदोपत्री साखळी अखंड आहे, त्याच्यासाठी. ठेकेदारामार्फत पोती उचलणाऱ्या बदली कामगाराचे नाव कोणत्या रजिस्टरात सापडणार? ज्याने सर्वांत जास्त धूळ खाल्ली, त्याचाच पुरावा सर्वांत कमी. आणि त्याने अधूनमधून विडी ओढली असेल तर मालकाच्या हाती आयते कोलीत मिळते. वास्तविक १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासाने असे दाखविले आहे की, केवळ अ‍ॅस्बेस्टॉसने या कर्करोगाचा धोका सुमारे पाच पट होतो, केवळ धूम्रपानाने सुमारे दहा पट, आणि दोन्ही एकत्र आल्यास पन्नास पटींहून अधिक. म्हणजे विडी ओढणारा कामगार हा धुळीपासून अधिक संरक्षण मिळण्यास पात्र होता. व्यवस्थेने मात्र विडीकडे बोट दाखवून धुळीला मोकळे सोडले.

कारखान्याच्या फाटकातून सुटलेला हा माणूस मग रुग्णालयाच्या दारात येतो. तेथे काय घडते? खोकला, वजन उतरणे, थुंकीतून रक्त, छातीच्या चित्रावर डाग : ही सारी लक्षणे क्षयाचीही आहेत आणि कर्करोगाचीही. क्षयाने गांजलेल्या या देशात डॉक्टरला आधी क्षय आठवावा, यात त्याचा दोष नाही. दोष आहे तो थुंकीत जंतू सापडत नसतानाही महिनोन् महिने क्षयाच्या गोळ्या चालू ठेवणाऱ्या व्यवस्थेचा. घाटकोपरचे राजावाडी, मुलुंडचे अग्रवाल, कांदिवलीचे शताब्दी, बोरिवलीचे भगवती, जुहूचे कूपर या महापालिकेच्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत जी गर्दी असते, तीत एका रुग्णाच्या वाट्याला डॉक्टरची किती मिनिटे येतात, हे उपनगरातील प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. त्या मिनिटांत ‘काय काम करीत होता?’ हा प्रश्न विचारला जात नाही. केसपेपरवर नाव, वय, पत्ता, धर्म यांना जागा आहे; माणसाने ज्या कामात आयुष्य घालविले त्या कामाच्या इतिहासाला जागा नाही. सिटी स्कॅनची तारीख, मग फुप्फुसातला तुकडा काढून तपासण्याची तारीख, मग त्या तुकड्याच्या जनुकीय तपासणीची तारीख. या तारखांच्या रांगेत रोगाची दुसरी अवस्था चौथी होते.

आणि अखेरीस बोट दाखविले जाते ते परळकडे. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. १९६२ पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. तेथील डॉक्टरांच्या निष्ठेबद्दल कोणी शंका घेणार नाही. पण साऱ्या देशाचा भार एका संस्थेने वाहावा, हे धोरण नव्हे, ही धोरणाची दिवाळखोरी आहे. बिहार-बंगालचा रुग्ण परळच्या पदपथावर पथारी टाकतो, आणि मुलुंडचा रुग्ण लोकलच्या अपंग व कर्करुग्णांसाठी राखून ठेवलेल्या डब्यात जीव मुठीत धरून उभा राहतो. रेल्वेने डबा राखून ठेवला. पण तो प्रवास वाचविण्यासाठी उपनगरात खाट राखून ठेवण्याचे कोणाच्या मनात आले नाही. कामगारांच्या स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या राज्य विमा योजनेची कथा याहून कटू आहे. अंधेरीच्या मरोळ औद्योगिक वसाहतीतील कामगार विमा रुग्णालयाला १७ डिसेंबर २०१८ रोजी आग लागली, माणसे मेली, आणि त्यानंतर लाखो विमेदारांचे हे रुग्णालय दीर्घकाळ बंद राहिले. वर्गणी मात्र एक महिनाही बंद राहिली नाही.

राष्ट्रीय धोरणाकडे वळले तर तेथेही हीच पोकळी दिसते. कर्करोगासह असंसर्गजन्य रोगांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्यातील सामूहिक तपासणी तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा अशा तीन कर्करोगांपुरती आहे. सर्वांची फुप्फुसे तपासणे व्यवहार्य नाही, हा युक्तिवाद मान्य करता येईल. पण ज्या माणसांनी वीस वर्षे अ‍ॅस्बेस्टॉस पिंजला, त्यांची संख्या अमर्याद नाही, त्यांचे कारखाने माहीत आहेत, त्यांच्या वसाहती माहीत आहेत. एवढ्यांची नियमित तपासणी करणे कोणत्या अर्थशास्त्राने अशक्य ठरते?

आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे काय? सरकारने १९८६ साली त्याच्या खाणींना नवे पट्टे देणे बंद केले, १९९३ साली जुन्यांचे नूतनीकरण थांबविले. म्हणजे हा पदार्थ घातक आहे, हे सरकारला मान्य आहे. तरीही परदेशातून, मुख्यतः रशिया व कझाकस्तान अशा देशांतून, दरसाल लाखो टन अ‍ॅस्बेस्टॉस आयात होतच राहिले. स्वतःच्या भूमीतून काढायचे नाही, परक्याच्या भूमीतून आणून स्वतःच्या कामगाराच्या छातीत भरायचे, अशी ही नीती! २०११ साली जिनीव्हा येथे रॉटरडॅम कराराच्या परिषदेत भारताने क्रायसोटाइल अ‍ॅस्बेस्टॉसचा घातक पदार्थांच्या यादीत समावेश करण्यास पाठिंबा दिला, तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. दोनच वर्षांनी, २०१३ साली, भारताने त्याच ठरावाला विरोध केला. बंदीसुद्धा नव्हे, केवळ आयात करणाऱ्या देशाला धोक्याची पूर्वसूचना द्यावी, एवढाच त्या यादीचा अर्थ. तेवढेही नको होते. दोन वर्षांत अ‍ॅस्बेस्टॉसचा गुणधर्म बदलला नव्हता. सरकारच्या कानाशी कोण लागले, एवढाच बदल होता.

यावर नेहमीचे तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की सिमेंटचा पत्रा हे गरिबाचे छप्पर आहे. तो बंद केला तर गरीब उघड्यावर पडेल. गरिबाची ही कणव पत्रे विकणाऱ्यांनाच का यावी, हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी अ‍ॅस्बेस्टॉसविरहित तंतूंचे पत्रे बनतात, आणि ब्राझीलसारख्या अ‍ॅस्बेस्टॉस पिकविणाऱ्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ साली त्यावर बंदी घातली, हे विसरता येत नाही. उपनगरात पुनर्विकासाच्या नावाखाली जुन्या चाळी आणि कारखान्यांच्या शेड रोज पाडल्या जातात. ते पत्रे हातोड्याने फोडणारा नाक्यावरचा मजूर तोंडाला फार तर रुमाल बांधतो. गरिबाचे छप्पर उतरतानासुद्धा गरिबाचाच श्वास घेते.

दुसरा आक्षेप रोजगाराचा. कारखाने बंद पडतील, कामगार देशोधडीला लागतील. हा आक्षेप खोटा नाही, आणि चळवळीने तो टाळूही नये. पण मुलुंड-घाटकोपरचे कारखाने बंद पडले ते कामगारांच्या आरोग्याची काळजी वाहिल्यामुळे नव्हे. जमिनीच्या भावामुळे त्या साऱ्या पट्ट्यावर गदा आली. मालकाला जागा विकायची होती तेव्हा रोजगाराची आठवण कोणाला झाली नाही. बंदीबरोबर कामगारांचे पर्यायी उत्पादनात पुनर्वसन करण्याची सक्ती मालकावर घातली पाहिजे. रोजगार की फुप्फुस, असा पर्याय कामगारापुढे ठेवणे ही खंडणी झाली.

तिसरा आक्षेप पैशाचा. नवी औषधे महाग आहेत, देश गरीब आहे. या आक्षेपाला परळनेच उत्तर दिले आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या टाटा रुग्णालयाच्या ३५० रुग्णांवरील चाचणीत, विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात गेफिटिनिब या गोळीला जुन्या, परवडणाऱ्या रसायनोपचाराची जोड दिली असता रोग आटोक्यात राहण्याचा काळ आठ महिन्यांवरून सोळा महिन्यांवर गेला. ती गोळी आज स्वस्त आहे, कारण भारतीय पेटंट कार्यालयाने २००७ साली तिचे पेटंट नाकारले. एर्लोटिनिबच्या बाबतीत २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सार्वजनिक हित लक्षात घेऊन स्वस्त भारतीय औषधाची विक्री थांबविण्यास नकार दिला. २०१२ साली सोराफेनिब या यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील औषधासाठी सक्तीचा परवाना दिला गेला, तेव्हा महिन्याला दोन लाख ऐंशी हजारांचे औषध आठ हजार आठशे रुपयांत मिळू लागले. राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील २३ रुग्णालयांनी ४० औषधे एकत्र वाटाघाटी करून घेतली तेव्हा किमती धडाधड कोसळल्या. याचा अर्थ स्पष्ट आहे : औषधाची किंमत निसर्गनियमाने ठरत नाही, ती राजकीय इच्छाशक्तीने ठरते. २०२४ च्या अर्थसंकल्पात ओसिमर्टिनिबवरील आयातशुल्क माफ करून सरकारने पाठ थोपटून घेतली. पण मक्तेदाराने ठरविलेल्या किमतीवरील शुल्क माफ करणे आणि मक्तेदारी मोडणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याने बातमी होते, दुसऱ्याने रोगी वाचतो.

पैसा नाही म्हणणाऱ्या शासनाला आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. जनतेच्या विम्याचे पैसे सांभाळणाऱ्या आयुर्विमा महामंडळाने सिगारेट कंपनीत प्रचंड गुंतवणूक केली, तीविरुद्ध २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने विडीवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरविले. विडी कामगार स्त्रियांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे; त्यांना किमान वेतन, निवृत्तिवेतन आणि पर्यायी काम मिळालेच पाहिजे. पण करकपातीचा पैसा तळहात झिजवणाऱ्या त्या बाईच्या पदरात पडतो की कारखानदाराच्या, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

सरकार आणि मालक यांच्यावर टीका करून चळवळीचे कर्तव्य संपत नाही. कामगार संघटनांनीही आरशात पाहिले पाहिजे. कित्येक कारखान्यांत धुळीचा प्रश्न निघाला तेव्हा करारात गूळ, दूध आणि ‘धूळभत्ता’ मागितला गेला. काही रुपये पदरात पडले, विजयसभा झाल्या. धूळ मात्र जागच्या जागी राहिली. धूळभत्ता म्हणजे फुप्फुस हप्त्याने विकण्याचा करार होता, हे उच्चारण्याचे धैर्य फार थोड्यांनी दाखविले. पगार आणि बोनस यांच्या लढ्यात श्वासाची मागणी नेहमी शेवटच्या कलमात राहिली, आणि तडजोडीत सर्वांत आधी तीच सोडली गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. कारखान्याच्या व्याख्येतील कामगारसंख्येची मर्यादा विजेवर चालणाऱ्या उद्योगासाठी दहावरून वीसवर गेली आहे. साकीनाका, मरोळ, कुर्ला येथील गाळ्यांत घिसाई आणि कटाईची धूळ खाणारा कामगार त्यामुळे कायद्याच्या नजरेतूनच निसटणार आहे. बोरिवली-दहिसरकडील बांधकामांवर दगड आणि काँक्रीट कापणाऱ्या मजुराच्या सिलिका धुळीलाही जागतिक संस्थेने १९९७ सालीच कर्करोगकारक ठरविले आहे. अ‍ॅस्बेस्टॉसच्या बाबतीत जे तीस वर्षांपूर्वी व्हावयास हवे होते, ते या मजुरांच्या बाबतीत आज झाले नाही, तर आणखी तीस वर्षांनी हाच लेखाजोखा पुन्हा मांडावा लागेल.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. पहिली : मुलुंड-घाटकोपर पट्ट्यातील सर्व माजी अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांची, ठेकेदारीतील कामगार व घरच्या स्त्रियांसह, भविष्यनिर्वाह निधी आणि विमा योजनेच्या दप्तरांवरून यादी करावी आणि त्यांची आयुष्यभर मोफत नियमित तपासणी व्हावी. दुसरी : महापालिकेच्या प्रत्येक केसपेपरवर कामाचा इतिहास लिहिणे सक्तीचे व्हावे. तिसरी : थुंकीत क्षयाचे जंतू न सापडलेल्या आणि औषधाने न सुधारणाऱ्या रुग्णाचा सिटी स्कॅन ठरावीक आठवड्यांत झालाच पाहिजे. चौथी : निदान आणि रसायनोपचार उपनगरातील सार्वजनिक रुग्णालयांतच मिळावेत, परळ व खारघर येथे फक्त अवघड रुग्ण जावेत. पाचवी : औषधांची राष्ट्रीय पातळीवर एकत्रित खरेदी आणि गरज पडेल तेथे सक्तीचा परवाना. सहावी : अ‍ॅस्बेस्टॉसवर कालबद्ध बंदी आणि कामगारांचे पुनर्वसन. सातवी : जे वाचू शकत नाहीत, त्यांचे मरण तरी यातनामुक्त असावे. वांद्रे येथे शांती अवेदना सदन हे देशातील पहिले अंतसेवागृह १९८६ साली उभे राहिले, महाराष्ट्राने वेदनाशामक सेवेचे धोरण २०१२ साली केले, मॉर्फिनचा कायदा २०१४ साली सुधारला. तरीही शेवटच्या महिन्यांत श्वासासाठी तडफडणाऱ्या रुग्णाला घरी मॉर्फिन मिळणे हे अजून नशिबावर अवलंबून असेल, तर धोरणाचा कागद आणि कोरा कागद यांत फरक काय?

यांतील पहिले काम सरकारच्या आदेशाची वाट पाहत बसण्याचे नाही. मुलुंड, भांडुप, विक्रोळी आणि घाटकोपर येथील शाखांनी चाळी-वसाहतींतून फिरून जुन्या कामगारांची नावे, कामाचे खाते, नोकरीची वर्षे आणि आजार यांची नोंद हाती घ्यावी. ट्रंकेच्या तळाशी पडलेली पगारपत्रके आणि विम्याची कार्डे बाहेर काढावीत, त्यांच्या प्रती कराव्यात. अंधेरी आणि बोरिवलीच्या शाखांनी गाळ्यांतून आणि बांधकामांवरून हेच करावे. दरवर्षी ही माणसे कमी होत आहेत, आणि प्रत्येक मृत्यूबरोबर मालकाविरुद्धचा एक पुरावा स्मशानात जात आहे. सर्वोच्च न्यायालयाने चाळीस वर्षांची नोंद ठेवण्यास ज्यांना सांगितले, त्यांनी ती ठेवली नसेल, तर ती कामगारांनी स्वतः लिहून काढावी आणि त्यांच्या टेबलावर नेऊन आपटावी.